पडदा कोणाचा? बुर्किना फासोचे चित्रपट आणि त्यांचा रसास्वाद
(विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यान)



पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाची राजधानी वागाडुगू. या शहरातील एका मोठ्या चौकाला चित्रपटकारांचे नाव देण्यात आले आहे. चौकाच्या मधोमध जे स्मारक आहे ते कोणा सेनानीचे नाही; चित्रफितीच्या चकत्या एकावर एक रचाव्यात तसा त्याचा आकार आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या देशाची नोंद दोन-तीन ओळींत आटोपते. सहेल पट्ट्यातील भूवेष्टित देश; क्षेत्रफळ सुमारे २ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी; १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र; १९८४ पर्यंत अप्पर व्होल्टा या नावाने परिचित; मानव विकास निर्देशांकाच्या यादीत तळाकडे. शेती आणि पशुपालन यांवर जगणाऱ्या आणि दुष्काळाशी सतत झगडणाऱ्या अशा देशाने चित्रपटाला एवढे मानाचे स्थान का द्यावे, या प्रश्नापासून लहान राष्ट्रांच्या चित्रपटांचा विचार सुरू करणे सोयीचे ठरते.

चित्रपटाचा रसास्वाद म्हटले की कॅमेऱ्याची योजना, संकलन, ध्वनी, अभिनय या अंगांची चर्चा होते आणि ती आवश्यकच आहे. परंतु मोठी बाजारपेठ नसलेल्या देशाच्या चित्रपटाबाबत या सर्वांआधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या पडद्यावर चित्रपट दाखवायचा, तो पडदा कोणाच्या मालकीचा आहे? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर त्या देशाचे चित्रपट संथ, साधे किंवा 'अविकसित' वाटण्याचा संभव असतो आणि प्रेक्षक त्यांच्यापासून लवकर दूर जातो.

परवानगीचा काळ

फ्रेंच वसाहतींत चित्रपटगृहे होती, प्रेक्षकही होते. नव्हते ते आफ्रिकी माणसाने काढलेले चित्रपट. तत्कालीन वसाहतमंत्री पिएर लावाल यांच्या नावाने ओळखला जाणारा १९३४ चा आदेश फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरणासाठी शासकीय परवानगी सक्तीची करणारा होता. पॅरिसच्या चित्रपट विद्यालयात शिकलेले पॉलें सुमानू व्हिएरा आणि त्यांचे सहकारी यांना आफ्रिकेत चित्रीकरण करू देण्यात आले नाही. तेव्हा त्यांनी १९५५ मध्ये पॅरिसमधील आफ्रिकी लोकांवरच एक लघुपट तयार केला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आणला, तोही परकीय सत्तेच्याच अमलाखाली. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे आफ्रिकेतील चित्रपटाचा प्रारंभ इतका उशिरा का झाला, याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरही परिस्थिती लगेच बदलली नाही. फ्रेंचभाषक पश्चिम आफ्रिकेतील चित्रपटांचे वितरण दोन फ्रेंच कंपन्यांच्या हाती एकवटलेले होते. जुने अमेरिकी व फ्रेंच चित्रपट त्या स्वस्तात आणत आणि गावोगाव फिरवीत. पश्चिम आफ्रिकेच्या पडद्यावर हिंदी चित्रपटांनाही मोठा प्रेक्षक मिळाला. उत्तर नायजेरियात 'मदर इंडिया' कित्येक वर्षे आवडीने पाहिला जात होता. भारतीय वाचकाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तेथील नवोदित दिग्दर्शकाच्या दृष्टीने आपला चित्रपटसुद्धा त्याच्या पडद्याची जागा अडवणाऱ्या परक्या मालांपैकी एक होता, हेही तितकेच खरे.

सहा चित्रपटगृहे

१९६९ च्या फेब्रुवारीत वागाडुगूत काही चित्रपटप्रेमींनी आफ्रिकी चित्रपटांचा एक सप्ताह भरविला. स्वतःसारखी माणसे, स्वतःसारखी घरे पडद्यावर पाहण्याचा तेथील अनेकांसाठी हा पहिलाच प्रसंग. पुढच्या वर्षी, जानेवारी १९७० मध्ये, अप्पर व्होल्टाच्या शासनाने देशातील चित्रपटगृहांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांची एकूण संख्या होती सहा! परकीय कंपन्यांनी चित्रपटांचा पुरवठा रोखून या छोट्या देशाला वेठीस धरले आणि शासनाला अखेर तडजोड करावी लागली. चित्रपटगृहे देशाची झाली, तरी बहुसंख्य चित्रपट बाहेरच्या वितरकांकडूनच येत राहिले. तेव्हा राष्ट्रीयीकरणाचा हा प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला असे म्हणता येत नाही.

तरीही त्यातून एक मोलाची गोष्ट साधली. तिकिटांच्या उत्पन्नातील काही भाग वेगळा काढून स्वदेशी चित्रपटनिर्मितीसाठी निधी उभारण्यात आला. म्हणजे परक्या चित्रपटाला गर्दी करणारा प्रेक्षक नकळत स्वतःच्या देशाच्या चित्रपटाचा खर्च उचलू लागला. सप्ताहाचे रूपांतर १९७२ मध्ये 'फेस्पाको' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या महोत्सवात झाले. १९७९ पासून तो दर दोन वर्षांनी, विषम वर्षी भरतो. त्याच्या सर्वोच्च पुरस्काराचे नाव 'येनेंगाचा अश्व' असे आहे. येनेंगा ही मोस्सी लोकांची आद्यमाता मानली जाणारी, घोडदौडीत निपुण अशी राजकन्या. १९७६ मध्ये वागाडुगू विद्यापीठात चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. १९८७ मध्ये ती बंद पडली. पण त्या अकरा वर्षांत तेथून बाहेर पडलेल्यांनी देशाच्या चित्रपटाचा चेहरा घडविला. शासकीय धोरण आणि कलानिर्मिती यांच्या संबंधाचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

मनीऑर्डर आणि भाषा

बुर्किना फासोच्या चित्रपटांकडे वळण्यापूर्वी शेजारच्या सेनेगलमधील एका माणसाची ओळख आवश्यक आहे. उस्मान सेम्बेन (१९२३-२००७) हे मासेमाराचे पुत्र, मार्सेय बंदरावर हमाली केलेले कामगार आणि पुढे फ्रेंचमधील नामवंत कादंबरीकार. आपण ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना आपले पुस्तक वाचता येत नाही, या जाणिवेने चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला चित्रपट शिकावयास गेले. १९६८ चा त्यांचा 'मांदाबी', म्हणजे 'मनीऑर्डर', हा चित्रपट वोलोफ भाषेत आहे आणि आफ्रिकी भाषेतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचा उल्लेख होतो.

त्याची कथा विकासाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. डाकारमधील एका निरक्षर, बेकार गृहस्थाला पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या भाच्याकडून पंचवीस हजार फ्रँकची मनीऑर्डर येते. पैसे घेण्यासाठी ओळखपत्र हवे; ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा; दाखल्यासाठी जन्मतारीख हवी, आणि ती त्याला ठाऊक नाही. एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जाताना त्याचे उसने वाढत जाते आणि शेवटी एक सुशिक्षित नातेवाईकच त्याची रक्कम गिळंकृत करतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला स्वतःच्याच शासनाच्या दारात परका ठरविणारी भाषा कोणती, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो वोलोफमध्ये असणे हा त्याच्या आशयाचाच भाग ठरतो. भारतातील कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात काही काळ घालविलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटासाठी तळटीप लागणार नाही.

मुक्या मुलाची गोष्ट

१९८२ मध्ये गास्तों काबोरे यांचा 'वेन्द कूनी' आला. काबोरे मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. पॅरिसमध्ये अभ्यास करताना युरोपीय नियतकालिकांतील आफ्रिकेच्या चित्रांकडे त्यांचे लक्ष गेले आणि तेथून ते चित्रपटाकडे वळले. 'वेन्द कूनी' मोरे या मोस्सी लोकांच्या भाषेत असून युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या काळात घडतो. एका फिरत्या व्यापाऱ्याला रानात बेशुद्ध पडलेला एक मुलगा सापडतो. त्याला वाचा नाही. नाव-गाव सांगता येत नाही. जवळच्या गावातील एक विणकर कुटुंब त्याला आपलेसे करते आणि 'देवाची देणगी' या अर्थाचे नाव देते. तो गुरे राखतो, बाजारात कापड नेतो. घरातील लहान मुलगी त्याच्यामागे रानात जाण्याचा हट्ट धरते. जवळजवळ सव्वा तासाच्या या चित्रपटात बराच वेळ एवढेच घडते.

आणि येथेच नव्या प्रेक्षकाची कसोटी लागते. माणूस दूरवरून चालत येत असेल तर तो जवळ येईपर्यंत कॅमेरा थांबतो. अभिवादनाच्या प्रसंगी दोन्ही बाजूंचे क्षेमकुशल पुरते विचारले जाते. व्यावसायिक हिंदी किंवा अमेरिकी चित्रपटाच्या सवयीने पाहिल्यास ही सगळी 'मोकळी जागा' वाटते. वास्तविक ही जागा कथेकऱ्याची आहे. पश्चिम आफ्रिकेत वंशाचा इतिहास आणि गोष्टी मुखोद्गत ठेवणारा ग्रियो नावाचा वर्ग आहे. आपल्याकडील भाट किंवा हेळवी यांच्याशी त्याचे काहीसे साम्य आहे. असा कथेकरी गोष्ट सांगताना घाई करीत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती अनेकदा ठाऊकच असते. पुढे काय घडणार यापेक्षा ते कसे सांगितले जाईल याकडे श्रोत्यांचे लक्ष असते. आषाढी-कार्तिकीला कीर्तन ऐकणाऱ्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागू नये.

परंतु काबोरे यांनी परंपरेचे नुसते गोडवे गायलेले नाहीत. गावात एका वृद्ध पतीची त्याची तरुण पत्नी चारचौघांत अप्रतिष्ठा करते आणि तो गळफास घेतो. रानात ते प्रेत दृष्टीस पडताच मुक्या मुलाच्या तोंडून किंकाळी फुटते व त्याची वाचा परत येते. मग तो मानलेल्या बहिणीला आपली हकिकत सांगतो. शिकारीला गेलेला त्याचा बाप परतला नाही. आईने दुसरे लग्न करण्यास नकार दिला. गावाने तिला चेटकीण ठरवून हाकलले आणि वणवण करीत ती झाडाखाली मरण पावली. चित्रपटाच्या आरंभी ओझरती दिसलेली स्त्री कोण होती, हे प्रेक्षकाला तेव्हा उमगते. जुन्या गोष्टीत हरवलेला मुलगा सापडला म्हणजे सारे पूर्ववत होते. येथे मात्र मुलाची वाचा परत येते ती गावाच्या रीतीतील क्रौर्याची साक्ष देण्यासाठी. वर्तुळाकार कथनाची जुनी रीत वापरून त्याच रीतीने जपलेल्या व्यवस्थेला प्रश्न विचारणे, हे या चित्रपटाचे सामर्थ्य आहे.

१९८५ मध्ये त्याला फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा विभाग होता 'फ्रेंचभाषक चित्रपट'. चित्रपट मोरे भाषेत!

तुंब्याचा आक्षेप

इद्रिसा वेद्राओगो (१९५४-२०१८) हे वागाडुगूच्या त्याच चित्रपट संस्थेत, पुढे कीव्ह आणि पॅरिस येथे शिकलेले दिग्दर्शक. त्यांच्या 'याबा' (१९८९) या चित्रपटात बिला नावाचा मुलगा गावाने चेटकीण म्हणून वाळीत टाकलेल्या म्हातारीला 'आजी' म्हणू लागतो. बिलाची चुलत बहीण आजारी पडते तेव्हा तीच म्हातारी दूरच्या वैद्याच्या शोधात पायपीट करते. कथा एवढीच आहे, पण वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध एखाद्या प्रचारपटाने जे साधले नसते ते या चित्रपटातील मुलाच्या नजरेने साधले आहे. पुढच्याच वर्षीच्या 'तिलाय' या चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरींचा विशेष महापुरस्कार आणि १९९१ मध्ये वागाडुगूत येनेंगाचा अश्व मिळाला. दोन वर्षांनी गावी परतलेल्या तरुणाला आपली वाग्दत्त वधू बापाची पत्नी झालेली आढळते. 'तिलाय' म्हणजे कायदा, आणि तो मोडणाऱ्याला मृत्यू. ग्रीक शोकांतिकेची आठवण अनेकांना येथे होते.

या यशाबरोबर टीकाही आली, आणि ती आफ्रिकेतूनच आली. उन्हातले खेडे, मातीच्या भिंती, डोक्यावर तुंबा घेऊन पाण्याला निघालेली स्त्री; असे चित्रपट युरोपीय महोत्सवांच्या आवडीसाठी निघतात, त्यांत शहर नाही, राजकारण नाही, असा आक्षेप घेण्यात आला. 'तुंबा-चित्रपट' असे काहीसे उपहासाचे नावही त्यांना मिळाले. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. १९८० नंतर निधीचा मोठा वाटा फ्रान्स, स्वित्झर्लंड आदी देशांतून येऊ लागला होता आणि पैसा देणाऱ्याची अभिरुची पटकथेपर्यंत पोहोचतेच. तथापि 'वेन्द कूनी' आणि 'याबा' यांना तो पुरता लागू पडत नाही. दोन्हींच्या केंद्रस्थानी गावाने टाकलेली स्त्री आहे. खेड्याचे नयनरम्य चित्र विकावयाचे असते तर इतकी अडचणीची साक्षीदार कोणी निवडली नसती.

शिवाय शहर, शाळा आणि परंपरा यांचा झगडा दाखविणारा चित्रपटही याच देशाने दिला. दानी कुयाते यांच्या 'केइता' (१९९५) मध्ये वागाडुगूत राहणाऱ्या माबो या शाळकरी मुलाकडे गावाहून वृद्ध ग्रियो येतो आणि त्याच्या 'केइता' या आडनावाचा अर्थ सांगू लागतो. ही गोष्ट तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणाऱ्या सुंदियाता केइताची. मुलगा तिच्यात इतका रंगतो की शाळेचा अभ्यास मागे पडतो. शिक्षक संतापतात, घरात कलह होतो. ग्रियोची भूमिका दिग्दर्शकाचे वडील, थोर अभिनेते सोतिगी कुयाते यांनी केली असून ते स्वतः ग्रियो घराण्यातले होते. चित्रपट शाळेला खलनायक करीत नाही. माबोला परीक्षा द्यायची आहेच. पण ज्या इतिहासात त्याच्या घराण्याचे नाव आहे तो इतिहास अभ्यासक्रमात नाही. समोर बसलेल्या श्रोतृवर्गाला हा पेच परका वाटू नये.

पाहणार कोण?

एवढी कीर्ती मिळाल्यावर या चित्रपटांना स्वदेशात पडदा मिळाला काय? उत्तर संमिश्र आहे. महोत्सवाच्या आठवड्यात वागाडुगूतील चित्रपटगृहे ओसंडून वाहतात. उरलेल्या काळात चित्र निराळे असते. फ्रेंचभाषक देशांनी मिळून काढलेली वितरणसंस्था १९८० च्या दशकाच्या मध्यास कोलमडली. व्हिडिओ कॅसेट आणि त्यानंतरच्या तबकड्यांनी प्रेक्षक घरात ओढला. राष्ट्रीयीकृत चित्रपटगृहे चालविणारी शासकीय कंपनीही टिकली नाही. ज्या निधीवर स्वदेशी निर्मिती उभी होती तो तिकिटांवर अवलंबून. तिकिटेच आटली तेव्हा निधीही आटला. बाहेरच्या पैशावरील अवलंबित्व वाढले ते यामुळे.

जतनाचा प्रश्न तर अधिकच बिकट. सप्टेंबर २००९ मध्ये वागाडुगूत झालेल्या अतिवृष्टीत महोत्सवाच्या कार्यालयात व संग्रहात पाणी शिरले. सेम्बेन, माम्बेती आदींच्या अनेक चित्रपटांच्या चांगल्या प्रती युरोपातील प्रयोगशाळांतच राहिल्या होत्या. २०१७ मध्ये युनेस्को, आफ्रिकी चित्रपटकारांचा महासंघ आणि अमेरिकेतील फिल्म फाउंडेशन यांनी मिळून पन्नास आफ्रिकी चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प हाती घेतला. भारतातही बहुतांश मूकपट नष्ट झाले असून 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच आज शिल्लक आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तोपर्यंत उशीर झालेला होता.

लहान चित्रपटसृष्टी म्हणजे परदेशच, असेही समजण्याचे कारण नाही. अप्पर व्होल्टाचा पहिला कथापट १९७२ चा आणि मणिपुरी भाषेतील पहिला चित्रपट 'मातमगी मणिपूर' हाही १९७२ चाच. अरिबम श्याम शर्मा यांचा 'इशानू' (१९९०) कान महोत्सवाच्या एका विभागात १९९१ मध्ये दाखविला गेला आणि पुनरुज्जीवित होऊन २०२३ मध्ये पुन्हा तेथे पोहोचला. दरम्यानच्या बत्तीस वर्षांत मणिपूरबाहेरच्या किती भारतीयांनी तो पाहिला असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बुर्किना फासोत २०१५ नंतर सशस्त्र हिंसाचार पसरला, लक्षावधी लोक विस्थापित झाले आणि २०२२ मध्ये दोन वेळा लष्करी सत्तांतर घडले. तरीही महोत्सव बंद पडला नाही. करोनाच्या साथीमुळे २०२१ चा महोत्सव फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबरात घ्यावा लागला, एवढेच. मार्च २०२५ मध्ये येनेंगाचा अश्व दानी कुयाते यांच्या 'कातांगा' या चित्रपटाला मिळाला. ही शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'ची कृष्णधवल आवृत्ती असून पात्रे मोरे भाषेत बोलतात. 'मकबूल' पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला तुलनेस चांगली संधी आहे. एकाच नाटकाने मुंबईच्या गुन्हेगारी जगतात कोणता अर्थ धारण केला आणि सत्तेसाठी झालेली रक्तरंजित चढाओढ जवळून पाहिलेल्या सहेलमध्ये कोणता, हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास कळून येईल.

यापूर्वी यजमान देशाला हा मान मिळाला होता तो १९९७ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षे आधी, काबोरे यांच्या 'बूद याम'ला. तो 'वेन्द कूनी'चा उत्तरार्ध आहे. मुका मुलगा आता तरुण झाला आहे. मानलेली बहीण आजारी पडते आणि तिच्यासाठी वैद्य शोधण्यास तो घोड्यावरून देशभर फिरतो. भूमिका सर्ज यानोगो यांनीच केली आहे, ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी तो मुलगा साकारला होता. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहण्याची संधी मिळाल्यास आधी 'वेन्द कूनी' पाहावा आणि पहिली वीस मिनिटे घड्याळाकडे पाहू नये.